कणीक सुटली नव्हती

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. ताजी, घट्ट, जाणत्या हाताने मळलेली. ती नीट बसली की डावा बोल गाभाऱ्यातून उमटल्यासारखा घुमतो. ती सुटली की मृदंग मुका होतो आणि वादकाला थांबावे लागते. भर कीर्तनात मृदंग थांबला, तर लोक एवढे एकच कारण माफ करतात. माकणीच्या बब्रुवानबुवांनी गेल्या वर्षभरात हे कारण सात वेळा सांगितले होते, आणि सातही वेळा ते खोटे होते.

बुवांचे वय एकोणसाठ. दिवसा शेत, सांजेला मृदंग, गळ्यात तुळशीची माळ. चाळीस वर्षे त्यांनी लोहारा तालुक्यातल्या गावोगावच्या कीर्तनांना साथ केली. कीर्तनकार बदलले, मंडप बदलले, कंदिलाचे दिवे गेले, विजेचे आले. मृदंगावरचे हात मात्र तेच राहिले. आता त्या हातांना काय झाले होते, ते त्यांनाच उमगत नव्हते. अभंग चालू असेतो सगळे ठीक असे. पण गजर सुरू झाला, लय चढू लागली, टाळांचा कल्लोळ उठला, की छातीत कुणी मूठ आवळावी तसे होई. श्वास अडे, तळहात घामेजत, बोटे लाकडाची होत. मग ते मृदंग मांडीवरून उतरवीत आणि म्हणत, “कणीक सुटली.”

पहिल्या दोन वेळी लोकांनी ऐकून घेतले. तिसऱ्या वेळी चहाचे हॉटेल चालवणारा बिभीषण, जो टाळकऱ्यांतही उभा असे, तो हसून म्हणाला, “बुवा, वहिनीला म्हणावं जरा हात लावून मळा. का भाकरीचं पीठ देत्यात मृदंगाला?”

ही थट्टा कस्तुराबाईंच्या कानावर गेली. चाळीस वर्षे नवऱ्याच्या मृदंगाला कणीक मळून देणारी ती माउली! त्या रात्री त्यांनी जेवण वाढले, आणि बुवांचा पहिला घास तोंडाशी गेला तेव्हा म्हणाल्या, “माझ्या कणकेला गावात नावं ठेवायला लावलीत. ती सुटत न्हाय, मला ठावं हाय. दुसरंच कायतरी सुटलंय. काय, ते बोला.”

बुवांनी घास तेवढा खाली ठेवला.

धाराशिवला जाऊन छातीचा आलेख काढून झाला. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि सांगितले, “बुवा, हृदय ठणठणीत आहे. पण तुम्हाला होतं ते खोटं नाही. याच दवाखान्यात समुपदेशक बसतात, त्यांना एकदा भेटा.”

समुपदेशक! बुवांनी तो शब्द एसटीच्या खिडकीशी बसून येडशीच्या घाटासारखा वळणावळणाने चढून पाहिला. उपदेश तर त्यांच्या ओळखीचा. जन्मभर उपदेशाच्याच पाठीशी उभे राहून ठेका धरलेला. आणि सम? ती तर मृदंगाची जननी. तालाची पहिली मात्रा, जिथे गाणारा, वाजवणारा, टाळ धरणारा सगळे एका क्षणी भेटतात, ती सम. म्हणजे समेवर येणारा उपदेश! कुणीतरी थोर अधिकारी पुरुष असणार. चार मोलाचे बोल सांगणार, कान टोचणार, आणि गाठ सुटणार. बुवांच्या मनात भीतीपेक्षा कुतूहल अधिक दाटले.

गरजही तशीच निकडीची होती. चैत्रातल्या सप्ताहाला सहा आठवडे उरले होते. काल्याच्या कीर्तनाला मृदंग बुवांचाच, हे गावाने गृहीत धरलेले. बुवांनी मात्र मनाशी ठरवून टाकले होते, या काल्याला हात अडकला तर मृदंग कायमचा खुंटीला. सहा आठवड्यांत ठरायचे होते ते एवढेच. आणि त्यांच्यासाठी तेवढेच सर्व काही होते.

मंगळवारी सकाळी ते कस्तुराबाईंसह निघाले, तेव्हा बिभीषणाने हॉटेलातून हाक दिली. “बुवा, तिथं डोक्याला वायरी लावत्यात म्हणं!”

“लावू द्या,” कस्तुराबाई फणकारल्या. “तुझ्या डोक्याला लावल्या तर दिवा बी पेटायचा न्हाय.”

दवाखान्यातली ती खोली लहानशी होती. वायरी नव्हत्या, खाटही नव्हती. एका उंचीच्या दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, एक घड्याळ, खिडकीबाहेर कडुनिंब, आणि मेजावर कागदी रुमालांचा डबा. अधिकारी पुरुष कुठेच दिसेना. तिशीची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “या. मी यास्मिन. मीच समुपदेशक.”

बुवा क्षणभर गोंधळले. पण संस्कार गोंधळत नाहीत. कीर्तनाला उभ्या राहणाऱ्याचे वय पाहायचे नसते, आसन पाहायचे असते. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, झेंडूचा हार काढला, बुक्क्याची पुडी काढली, आणि ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले. हात जोडून म्हणाले, “करा सुरू.”

यास्मिन हसली नाही. तीही खुर्ची सोडून त्यांच्यासमोर फरशीवर बसली. “बुवा, नारळ मला घेता येत नाही, आमचा नियम आहे. घरी नेऊन खोबऱ्याची चटणी करा. आणि सुरू काय करू?”

“उपदेश.”

“तो माझ्याकडे नाही,” ती म्हणाली, “पण ऐकायला पाऊण तास आहे.”

मग तिने काही गोष्टी आधीच मोकळेपणाने सांगून टाकल्या. इथे बोललेले इथेच राहील, घरीही कळणार नाही. फक्त त्यांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच ती आणखी कुणाला सांगेल, तेही त्यांना कळवून. गोळ्या देणे तिचे काम नाही. गरज वाटली तर त्याचे डॉक्टर वेगळे आहेत. एका भेटीत काही उलगडत नाही. पाच-सहा भेटी लागतील, कदाचित जास्त. एखादा प्रश्न नको वाटला तर नको म्हणायचे. आणि तिच्याशी सूर जुळला नाही तर तसे सांगायचे, ती दुसऱ्या कुणाकडे पाठवील. तिला राग येणार नाही.

बुवा ऐकत होते. चाळीस वर्षांत कुणा वक्त्याने त्यांना ‘मला राग येणार नाही’ असे सांगून आरंभ केला नव्हता.

“बाई, एक विचारू?” ते म्हणाले. “आमचं समदं जगणं टाळ-मृदंगातलं. तुमच्या घरी ते नसंल. तुमाला कसं कळायचं?”

“मी सोनारीची. भैरवनाथाच्या यात्रेत लहानाची मोठी झाले. पण मृदंगातलं मला काही कळत नाही. अडेल तिथं विचारीन. शिकवाल?”

शिकवाल, या एका शब्दाने बुवांची पाठ ताठ झाली. त्यांनी तोंडावरच्या काळ्या लेपाला शाई म्हणतात ते सांगितले, चामड्याची वादी ताणून दाखवावी तसे हातवारे केले, कणीक किती मळायची ते सांगितले. बोलता बोलता कणकेच्या सात खोट्या कहाण्याही सांगून टाकल्या. तिने विचारले, “पहिल्यांदा कधी अडलं?”

“गेल्या साली. अण्णाराव गेला त्येच्या म्होरल्या एकादशीला.” ते थांबले, आणि घोटून पाठ केलेल्या ओळीसारखे म्हणाले, “काल्याच्या गजरात गेला. नामात गेला. लई भाग्यवान.”

“तुमचे कोण?”

“टाळकरी. चाळीस वर्षं माझ्या समोर.”

यास्मिनने मग शांतपणे विचारले, “बुवा, हे मी सगळ्यांना विचारते. जगणं नकोसं वाटतं का कधी?”

“छ्या! जगणं न्हाय. वाजवणं नकोसं वाटतं.”

“आणि वाजवल्याविना जगणं?”

बुवांनी कडुनिंबाकडे पाहिले.

परतीच्या एसटीत कस्तुराबाई उतावीळ झाल्या. “काय म्हनल्या बाई?”

“काय न्हाय. म्याच बोललो.”

“अवो, तुमीच बोलायचं हुतं तर साठ किलोमीटर कशाला? घरी मी काय बहिरी हाय?”

त्या रात्री बुवांना उलट अधिकच जड वाटले. झाकलेल्या धान्याच्या पेवाचे तोंड उघडावे आणि कोंदट वाफ अंगावर यावी, तसे झाले. यास्मिनने निघताना बजावले होते, पहिल्या भेटीनंतर कधी कधी हलके वाटण्याऐवजी जड वाटते, घाबरू नका. तेवढ्या एका शब्दावर ते पुढच्या मंगळवारी गेले. तेवढ्यावरच म्हणणे खरे नाही. त्यांना हेही पाहायचे होते की उपदेश नसलेला हा समुपदेश पुढे जातो तरी कुठे.

दुसऱ्या भेटीत तिने श्वास शिकवला. पाय जमिनीवर टेकवा, जमीन तळव्याला जाणवू द्या; नाकाने आत घेताना चार मोजा, सोडताना सहा.

“मात्रा?” बुवांनी विचारले.

“मोजायचं नुसतं.”

“म्हंजे मात्राच. दहा मात्रांचा ताल हाय ह्यो.” आणि त्यांनी लगेच मांडीवर ठेका धरून दाखवला. यास्मिनला ठेका काही जमेना. ती हसली, तेही हसले. रोज सकाळ-सांज दहा आवर्तने करायची, हा अभ्यास ठरला. हात पुन्हा अडकला तर कणकेवर ढकलायचे नाही, वहीत लिहायचे, ही दुसरी अट. बुवांनी पहिल्या आठवड्यात एकच ओळ लिहिली: ‘शनिवारी भजनात अडकला. कणीक घट्ट होती.’ ती ओळ वाचून कस्तुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तिसऱ्या मंगळवारी मात्र बुवांचा धीर सुटला. “बाई, तीन येळा आलो. समुपदेश कवा देणार? सप्ता जवळ आला.”

“त्या शब्दानं तुम्हाला फसवलं खरं,” यास्मिन म्हणाली. “मला एक सांगा. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात. ते नेमकं काय करतात?”

“धृपद धरत्यात. बुवा दमले, चरण इसरले, गळा दाटला, की शेवटची ओळ उचलून धरायची. खाली पडू द्यायची न्हाय. बुवा सावरले की त्यांच्या हातात परत द्यायची.”

“मग माझं काम ते आहे. कीर्तन तुमचं. तुम्ही थांबाल तिथली ओळ मी धरून ठेवते.”

चाळीस वर्षे बुवांनी दुसऱ्याच्या शब्दांना ठेका दिला होता. कीर्तनकाराचा शोक असो, आनंद असो, त्याला हात यांचे. आपल्या शब्दांनाही कुणी धृपद धरील, ही कल्पना त्यांना आयुष्यात शिवली नव्हती. आणि त्या विस्मयाच्या पाठोपाठच ते शब्द आले, वर्षभर अडवून धरलेले.

“ते काम अण्णारावचं हुतं,” ते म्हणाले, आणि आवाज फुटला.

यास्मिनने हलकेच ओळ उचलली. “ते काम अण्णारावचं होतं.”

“व्हय. काल्याचा गजर चढला हुता. अण्णाराव नाचत हुता. नाचता नाचता गुडघ्यावर आला, कपाळ भुईला टेकलं. लोक म्हनले, भाव लागला. आमच्यात लागतो तसा. लोकांनी त्येच्यावर बुक्का उधळला, बायांनी लांबून नमस्कार केला. पर बाई… त्येच्या हातनं टाळ पडला तो म्या ऐकला. फरशीवर पडला. मात्रा सोडून पडला. अण्णारावचा टाळ चाळीस वर्षात मात्रा सोडून वाजला न्हाय. मला कळलं. काय तरी इपरीत झालं, हे त्या मंडपात एकट्या मला कळलं. आणि म्या वाजवत ऱ्हायलो.”

“वाजवत राहिलात.”

“तीन मिंटं. गुरुजी सांगायचे, गजरात हात थांबला तर देवाचं पाऊल अडखळतं. थांबलो न्हाय. गजर सरला, लोक उठवाया गेले, तवर संपलं हुतं. समदे म्हनले, काय भाग्य! मला मिठ्या मारल्या, तुमच्या ठेक्यावर वैकुंठाला गेला म्हनले. बाई, म्या रडू कुठं? भाग्यावर कुणी रडतं व्हय?”

आणि ते रडले. त्या कागदी रुमालांच्या डब्याचा उपयोग बुवांना त्या दिवशी कळला. आधी त्यांना ते फराळाचे हात पुसायचे वाटले होते. यास्मिनने ‘तुमची चूक नाही’ असे म्हटले नाही. ती म्हणाली असती तर बुवांनी तेही लोकांच्या ‘काय भाग्य!’च्या शेजारी नेऊन ठेवले असते. मग तिने विचारले, “टाळ पडला तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होतं, आणि काय तीन मिनिटांनी कळलं?”

बुवांनी डोळे पुसले. खूप शोधल्यासारखे करून ते म्हणाले, “टाळ पडला, येवढं ठावं हुतं. जीव जातोय, हे न्हाय.”

“आणि गुरुजींनी तो नियम कुणाला सांगितला होता?”

“आमा पोरांना. डास चावला की आमी हात सोडून खाजवायचो, तवा.” बोलता बोलता ते थबकले. रडक्या चेहऱ्यावर नवलाची रेघ उमटली. “डासासाठी हुता तो नियम.”

चौथ्या भेटीत तिचा प्रश्न एकच होता. हे आणखी कुणाला सांगावेसे वाटते? बुवांना नाव आधीच ठाऊक होते. वर्षभर त्या नावाचे घर असलेली गल्ली ते टाळून जात होते.

शांताक्का, अण्णारावांची बायको, दारात तूर पाखडत बसली होती. बुवा समोर ओट्यावर बसले आणि टाळ पडल्यापासून सारे सांगितले. शब्द लपवला नाही, मात्रा चुकवली नाही. सुपातली तूर एका कडेला गोळा झाली.

“ठावं हुतं तर थांबायचं,” शेवटी ती म्हणाली. “थांबाया पायजे हुतं, बब्रुवान भावजी.”

“व्हय.”

“मी बायांत हुते. मी बी नमस्कार केला. माज्या नवऱ्याला. भाव लागला म्हनून.” ती सुपाची कड घट्ट धरून होती. “वरीस झालं, जो येतो तो नशीबवान म्हनतो. वैकुंठवाश्याची बायको म्हनत्यात. पुरण करून आनत्यात. रडाया लागले तर म्हनत्यात, अक्का, पुण्यात पाणी घालू नका. म्या काय करू त्या पुण्याचं? मला तो माणूस पायजे हुता.”

दोघेही रडले; दिवसाढवळ्या, दारात, जाणारे येणारे पाहत असताना. शांताक्काने माफ केले असे म्हणता येणार नाही. तिने उठून चहा टाकला, आणि कप देताना म्हणाली, “काल्याला वाजवा. पर त्येला कुणी भाग्यवान म्हनलं, तर गप बसू नका.”

काल्याचा दिवस उजाडला. सकाळचे दहा वाजले होते, मारुतीच्या पारापुढे मंडप भरला होता, दह्याची हंडी वर बांधली होती. कस्तुराबाईंनी कणीक मळून पितळीतून आणली आणि स्वतः डाव्या तोंडाला दाबून बसवली. अण्णारावांच्या जागी आता बिभीषण उभा होता.

कीर्तन रंगले. आणि अखेरचा गजर उठला. विठ्ठल, विठ्ठल! लय चढली, टाळ पेटले, पाऊल उसळले, आणि बुवांच्या छातीत ती ओळखीची मूठ आवळली. बोटे जड झाली. समोरची टाळांची रांग धूसर झाली.

बब्रुवानबुवांनी दोन्ही हात मृदंगावरून उचलले.

भर गजरात मृदंग थांबला! कीर्तनकारांनी मान वळवली. बिभीषण नाचता नाचता वाकला आणि सवयीने पुटपुटला, “कणीक सुटली का वो?”

“न्हाय,” बुवा म्हणाले. “घट्ट हाय. म्या श्वास घेतोय. तू टाळ सोडू नगं.”

बिभीषणाने डोळे विस्फारले, आणि टाळ सोडला नाही. त्याने धरला म्हणून शेजाऱ्याने धरला, शेजाऱ्याने धरला म्हणून रांगेने धरला. मृदंगाविना गजर चालू राहिला. देवाचे पाऊल कुठे अडखळले नाही. बुवांनी तळवे फरशीला टेकवले. चार मात्रा आत, सहा मात्रा बाहेर. एक आवर्तन. दुसरे. तिसरे. मूठ पुरती सुटली नाही. सैल मात्र झाली. त्यांनी टाळ ऐकले, मात्रा मोजल्या, आणि वाट पाहिली. आणि सम आली तेव्हा दोन्ही हात एकदम पडले.

बायकांच्या बाजूने हुंदका आला. शांताक्का उघड रडत होती. शेजारची उमाबाई तिला थोपवू लागली, “अक्का, आजच्या दिशी न्हाय…” तशी कस्तुराबाई मध्ये बसल्या आणि म्हणाल्या, “रडू दे तिला.”

हंडी फुटली, काला वाटला गेला. मंडप विरळ झाल्यावर कस्तुराबाई मृदंगापाशी आल्या. कणीक उखडायला त्यांना नखाने खरवडावे लागले. हातातला तो गोळा त्यांनी बिभीषणासमोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “बग रं, हाय का सैल? वरीसभर माझ्या कणकेला हसलास.”

लोक बुवांकडे पाहू लागले. बुवांनी मृदंगाला कापडी गवसणी घालता घालता हात थांबवला.

“कणीक सुटली नव्हती,” ते म्हणाले. “येकदा बी न्हाय. म्या खोटं बोललो. अण्णाराव गेल्याचं दुःख हुतं.”

कुणी भाग्यवान म्हणाले नाही. बिभीषणाने पुढे होऊन त्यांच्या हातून मृदंग घेतला आणि खांद्यावर टाकला. वाटेत त्याने दबक्या आवाजात विचारले, “बुवा, त्या बाई कुठल्या वारी बसत्यात म्हनलात?”

“मंगळवारी,” बुवा म्हणाले. “मला बी जायचंय. संगं चल. नारळ मातर आणू नगं.”